विम्याबाहेरचा टँकर

ठाण्यातल्या एका विमा कंपनीत माझी बरीच वर्षं गेली. काम मोटार विभागात, थर्ड पार्टीच्या दाव्यांवर. थर्ड पार्टी म्हणजे गाडीचा मालक नाही, कंपनीही नाही, तिसराच कुणीतरी. रस्त्याच्या कडेने चाललेला, सायकलवरचा, दुसऱ्याच्या स्कूटरवर मागे बसलेला. ज्याला गाडीने उडवलं तो. माझ्या टेबलावर येईपर्यंत हा तिसरा माणूस बहुतेक वेळा जगात नसायचा. त्याची बायको, आई, मुलं एवढीच यायची, तीही वकिलाच्या मागे मागे.

गाडीच्या विम्यात कंपनीला पैसा सुटत नाही, हे बाहेर कुणाला सांगून पटत नाही. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तर मला टोमणेच मिळायचे. "दर वर्षी भरतो आम्ही, कधी मागितलंय का काही? सगळं तुमच्या घशात!" मी हसून सोडून द्यायचे. आता काय सांगणार? थर्ड पार्टीचा हप्ता किती घ्यायचा ते दिल्लीत ठरतं. भरपाई किती द्यायची ते कोर्टात ठरतं. मधे आम्ही. माणूस मेला तर भरपाईला वरची मर्यादा नाही, आणि केस जितकी रेंगाळेल तितकं व्याज चढत जातं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात तरी चार पैसे राहावेत, तर तिथे कंपन्यांची सूट देण्याची चढाओढ. शोरूमवाल्याचा वाटा, एजंटचा वाटा, आणि खड्ड्यांनी खिळखिळी झालेली गाडी बंपरसाठी म्हणून गॅरेजला गेली की आधीच सडलेलं दारही नवीन होऊन बाहेर यायचं. यावर कडी म्हणजे रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांना विमाच नसतो. मग ज्याच्याकडे विमा आहे, त्याच्याच अंगावर सगळे येऊन पडतात.

हे शेवटचं वाक्य आमच्या मॅनेजरसाहेबांचं. साताऱ्याकडचे, हळू आवाजात बोलणारे, डब्यातली भाकरी सगळ्यांना वाटून खाणारे गृहस्थ. महिन्याच्या मीटिंगला त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू घरातलंच कुणी आजारी आहे. हप्त्यातून येतं त्याहून जास्त जातं, आणि वरून रोज फोन. शाखा चालवायची की बंद करायची, हा प्रश्न दर मार्चला निघायचाच.

त्या वर्षी दिवाळीनंतर ठाण्याच्या न्यायाधिकरणातून एका दाव्याची नोटीस आली. कल्याण-शीळ रस्त्यावर मालाच्या टेम्पोने एका पायी चाललेल्या माणसाला उडवलं होतं. माणूस चाळिशीच्या आतला, प्लंबिंगची कामं घेणारा. मागे बायको, शाळकरी मुलगी आणि म्हातारी आई. टेम्पोचा विमा आमच्याकडे होता.

कागद वाचताना पहिल्यांदाच खटकलं. माणसाला रुग्णालयात नेलं तेव्हा 'अनोळखी वाहन' असं सांगितलेलं. नंतर बरेच दिवस काहीच नाही. आणि मग एकदम टेम्पो सापडला, त्याचा नंबर पाहिलेला साक्षीदार सापडला, आणि चालकाने गुन्हाही चटकन कबूल करून टाकला. गुन्हा कबूल करण्याची एवढी घाई मी फार कमी चालकांमध्ये पाहिली होती.

अशा केसला आमच्यात 'गाडी लावली' म्हणतात. अपघात खरा असतो, माणूस खरा मेलेला असतो, फक्त गाडी खोटी असते. धडक देणारा पळून गेला किंवा त्याच्या गाडीला विमा नाही, म्हणून विमा असलेली एखादी गाडी आणून उभी करायची. मालकाला थोडे पैसे, साक्षीदाराला थोडे, पोलिसांत कुणाची तरी ओळख, आणि सगळं जमवून देणारा एखादा वकील. शेवटी बिल कंपनीच्या नावावर.

खरं तर तपासाला बाहेरची माणसं नेमायची पद्धत होती. पण ती माणसं चहाच्या टपरीवर बसून अहवाल लिहीत, म्हणून संशय आला की मी स्वतःच जायचे.

आधी टेम्पोवाल्याला गाठलं. कल्याणला बाजार समितीच्या बाहेर त्याचा टेम्पो उभा असायचा. पुढच्या बाजूला साधा पोचाही नव्हता. काच जुनी, दिवे जुने, रंग जुना.

"दुरुस्ती कुठे केली?" मी विचारलं.

"दुरुस्ती कसली मॅडम? जोरात लागलंच नाही."

"माणूस मेला आणि जोरात लागलं नाही?"

तो मोबाईलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझा विमा आहे ना? भरलाय ना मी टायमावर? मग तुम्ही बघा आता. मला कशाला विचारता?"

एवढं बोलून तो टेम्पोत चढला आणि काच वर केली.

त्यानंतरच्या आठवड्यात मी मेलेल्या माणसाच्या घरी गेले. कोपर स्टेशनला उतरून रिक्षा केली. खाडीच्या अंगाला एक जुनं गाव आहे, आता तीन बाजूंनी टॉवर उठलेत आणि गाव मधे खड्ड्यात राहिल्यासारखं झालंय. रिक्षावाला म्हणाला, "आत नाही जात गाडी, टँकर फसलेले असतात." खरंच, गल्लीच्या तोंडाशी पाण्याचे टँकर रांगेने उभे होते. टॉवरमध्ये लोक राहायला आले, पण नळाला पाणी पुरेसं आलं नाही. गावातल्या जुन्या विहिरींना आणि बोअरिंगला मात्र अजून पाणी होतं. म्हणून शेती गेलेल्या घरांनी टँकर घेतले. गल्लीभर ओला चिखल, डिझेलचा वास, कुठेतरी पंपाची घरघर.

घर बैठं, पुढे मोठं अंगण. अंगणाच्या एका कोपऱ्यात बोअरिंगचा पाइप वर आलेला, आणि त्याच्यासमोर एक टँकर उभा. निळा रंग उडालेला, चाकांत हवा नव्हती. बरेच दिवस हलवलेला दिसत नव्हता. अंगणाला मागच्या बाजूने दगडी कुंपण होतं आणि त्यातली एक जागा पडलेली होती. पडलेले दगड कुणी उचलून परत लावले नव्हते.

दारात जी बाई आली ती त्या माणसाची बायको. तिशीची असेल. साधा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. मी विमा कंपनीतून आलेय म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला, पण तिने मला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी आणलं.

"वकीलसाहेब म्हणालेले कोणी आलं तर बोलू नका," ती म्हणाली.

"नका बोलू. मी फक्त घर बघायला आले."

"घर काय बघायचं? हेच आहे."

तिने चहा टाकला. मुलगी शाळेत गेलेली. मी ओट्यावर येऊन बसले, कारण आत त्या माणसाचा हार घातलेला फोटो समोरच होता आणि त्याच्याकडे बघत चहा प्यायची मला सवय नव्हती. ओट्यावर म्हातारी सासू बसली होती, सुपात तांदूळ घेऊन. तिला बहुधा कमी दिसत होतं. बोटांनीच खडे शोधत होती.

"तू सरकारी हायस कं?" तिने विचारलं.

"नाही आजी. विमा कंपनीतली."

तिला ते कळलं असं वाटलं नाही. कुणीतरी बाई आलीये, मुलाच्या मरणाची चौकशी करायला आलीये, एवढंच तिला समजलं असावं. आणि मुलगा गेलेल्या आईला कुणीतरी विचारावं असंच वाटत असतं.

"कं सांगू बाय," ती म्हणाली. "मी हितंच बसलेली. ह्यो मागं उभा व्हता. हात करीत व्हता त्याला. येऊ दे, येऊ दे, येऊ दे." तिने हात वर करून पंजा आत-आत हलवला, गाडी मागे घेताना माणसं हलवतात तसा. "मंग त्याचा येऊ दे बंदच झाला. गाडी तरी येतच व्हती."

मी टँकरकडे पाहिलं. मग पडलेल्या कुंपणाकडे.

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. सून दारात येऊन उभी राहिली होती. तिने सासूला दंडाला धरून उठवलं आणि आत नेलं. तांदळाचं सूप ओट्यावरच राहिलं. बाहेर आली तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

"त्यांना काही आठवत नाही नीट," ती म्हणाली. "काहीही बोलतात."

"टँकर कुणाचा आहे?" मी विचारलं.

उत्तर दिलं ते अंगणातून आलेल्या माणसाने. "माझा."

हा मेलेल्याचा थोरला भाऊ. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्याचा, हातात भाजीची पिशवी. त्याने पिशवी भावजयीच्या हातात दिली, तिला आत जायला सांगितलं आणि माझ्यासमोर ओट्याच्या पायरीवर बसला. आईचं बोलणं त्याने फाटकातून ऐकलं असावं. नाकारायचा प्रयत्नच केला नाही.

"मीच चालवत होतो," तो म्हणाला. "त्याचं ते कामपण नव्हतं. कुठे कामाला चाललेला. म्हणाला, दादा, थांब, मागे बघतो मी. पाइपपर्यंत घ्यायचा असतो ना टँकर, जागा कमी आहे. आरशात दिसत होता मला. मग दिसेनासा झाला. मला वाटलं बाजूला झाला."

टँकरकडे बघत तो पुढे बोलत राहिला.

"रुग्णालयात मी सांगितलं, रस्त्यावर कोणीतरी उडवलं. तेव्हा मनात पैसे नव्हते, मॅडम, शप्पथ. मला तोंडातून काढताच आलं नाही की मी मारला. नंतर वकील भेटला. म्हणाला, तुझ्या टँकरला विमा नाही, म्हणजे तुलाच भरायला लागेल, आणि तू कुठून भरणार? ती पोर घेऊन रस्त्यावर येईल. त्यापेक्षा गाडी लावू."

"टँकरचा विमा का नव्हता?" मी विचारलं. हा प्रश्न मी ऑफिसातल्या माझ्या खुर्चीवर बसून शेकडो लोकांना विचारला होता. उत्तरं ठरलेली असायची: राहून गेलं, एजंटने फसवलं, लक्षातच नाही.

तो म्हणाला, "मी आलेलो ना तुमच्याकडे."

"कुठे?"

"ठाण्याला. तुमच्याच हापिसात. आधीचा विमा संपायच्या आत आलेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, कोणती गाडी? म्हटलं, पाण्याचा टँकर, जुना आहे. म्हणाला, सर्व्हर डाउन आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर परत सर्व्हर डाउन. पण माझ्यासमोर एक कारवाला आला, त्याची पॉलिसी निघाली. मला कळलं काय ते."

मलाही कळलं. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. जुने टँकर, डंपर, मालाचे जुने ट्रक यांच्या थर्ड पार्टीमध्येच कंपनी सर्वांत जास्त बुडते. हप्ता आम्हाला वाढवता येत नाही, अपघात तर ठरलेला. विमा नाकारणं कायद्यात बसत नाही, म्हणून कुणी नाकारत नसे. फक्त अशी गाडी आली की सर्व्हर बंद पडायचा. वरून आलेली ही सूचना कुठेही लिहिलेली नव्हती. तोंडी यायची, फोनवर, हसत-हसत: जरा जपून घ्या हं असल्या गाड्या.

"दुसरीकडे का नाही गेलात?"

"गेलो. तिथे म्हणाले, आधी गाडी दाखवायला आणा, अमुक आणा, तमुक आणा. मोबाईलवर पण बघितलं, टँकर टाकला की पुढे जातच नव्हतं. मग उन्हाळा लागला. टॉवरवाल्यांचे फोनावर फोन. दिवसभर फेऱ्या. म्हटलं, करू नंतर." त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "तेवढी चूक माझी आहे. मी नाही म्हणत नाही."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मॅडम, मला आत टाका. मी लिहून देतो पाहिजे तर. पण तिचे पैसे थांबवू नका."

"तसं होत नाही," मी म्हटलं. "टेम्पोने काही केलेलंच नाही. मग टेम्पोचा विमा पैसे कसे देणार?"

"मग कोण देणार?"

कायद्याने त्याचं उत्तर होतं. टँकरचा मालक, म्हणजे तोच. मी ते सांगितलं नाही. त्यालाही ठाऊक होतं.

मी निघाले तेव्हा भावजय फाटकापर्यंत आली. माझ्या चहाचा कप तिच्या हातात तसाच होता, मी प्यायलेच नव्हते. ती म्हणाली, "तुमची कंपनी बुडणार होती का आमच्या पैशांनी?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "एकाने नाही बुडत."

"मग?"

एकाने बुडत नाही, पण मी अशा केसेस रोज बघत होते. लावलेल्या गाड्या, वाढवलेले पगाराचे दाखले, मोडलेल्या हाताचं कायमचं अपंगत्व. त्या सगळ्यांचा भार शेवटी हप्त्यात चढतो, हप्ता चढला की आणखी लोक विमा सोडतात, आणि विमा सोडलेल्यांच्या गाड्यांखाली माणसं मरतातच. हे चक्र मला पाठ होतं. पण ते तिच्या फाटकात उभं राहून बोलायचं नव्हतं.

मी अहवाल लिहिला. जे पाहिलं, जे ऐकलं ते सगळं. शेवटी थोरल्या भावाचं आमच्या काउंटरबद्दलचं बोलणंही लिहिलं.

मॅनेजरसाहेबांनी तो वाचून मला केबिनमध्ये बोलावलं. "उत्तम काम झालंय," ते म्हणाले. "मोठा दावा वाचला. वर कळवतो मी तुमचं नाव." मग चष्मा काढून शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "एवढं मात्र काढा."

"का साहेब? खरं आहे ते."

"खरं आहे म्हणूनच. अहो, हे कोर्टात वाचलं गेलं तर? परवाना जाईल आपला." त्यांचा आवाज आणखी खाली आला. "ती सूचना मला आवडते असं वाटतं का तुम्हाला? मी घेतल्या होत्या ना सगळ्या गाड्या, पहिल्या वर्षी. कुणाला परत पाठवलं नाही. वर्षाअखेर मला वर बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं. ही शाखा बंद झाली तर इथली माणसं कुठे जातील? तुम्ही कुठे जाल?"

मी म्हटलं, "मी काढणार नाही. तुम्हाला काढायचं तर काढा."

पुढे जी प्रत आमच्या वकिलाकडे गेली तिच्यात ते पान नव्हतं. मी पुन्हा वाद घातला नाही. घालून काय झालं असतं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं.

केस उभी राहायला पुढचा हिवाळा उजाडला. त्या दिवशी मी कंपनीच्या बाजूने ठाण्याच्या कोर्टात बसले होते. सून साक्षीला उभी राहिली. आधीच्या कागदांवर तिने सही केलेलीच होती: पती रस्त्याने पायी जात असता टेम्पोने धडक दिली, वगैरे. आमच्या वकिलाने उलटतपासणी साध्याच प्रश्नाने सुरू केली.

"अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"घरी."

"घरी म्हणजे नेमक्या कुठे?"

"दारात."

"मग अपघात तुम्ही पाहिला नाही."

यावर तिने फक्त 'नाही' म्हणायचं होतं. तिच्या वकिलाने तिला तसंच पढवलं असणार. ती थांबली. मागच्या बाकावर तिचा दीर खाली मान घालून बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"पाहिला," ती म्हणाली. "दारातच झालं ना."

तिचा वकील उठून उभा राहिला. न्यायाधीशांनी त्याला हाताने बसवलं आणि तिला विचारलं, "बाई, काय म्हणालात? पुन्हा सांगा."

"आमच्या अंगणात झालं," ती म्हणाली. "टँकर मागे घेताना. टेम्पो नव्हता."

ती हे ठरवून बोलली, की इतके महिने एक खोटं पाठ करून थकली होती, हे मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मागच्या बाकावर दिराचे खांदे हलत होते. तो रडत होता, पण आवाज होत नव्हता.

दावा फेटाळला गेला. तिचा वकील आणि टेम्पोवाला यांचं काय झालं ते मी नंतर विचारायचं सोडून दिलं. थोरल्या भावावर मात्र गुन्हा दाखल झाला, तो जामिनावर सुटला आणि केस पडून राहिली. कायद्याने भावजयीला त्याच्याविरुद्ध, टँकरचा मालक म्हणून, नव्याने दावा लावता आला असता. आमच्या वकिलाने तिला व्हरांड्यात थांबवून तसं सांगितलंही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांच्यावर? त्यांच्याच घरात राहते मी." आणि जिना उतरून गेली.

कंपनीने मला एक प्रशस्तिपत्र दिलं. त्या मार्चला मोटारचा तोटा थोडा कमी दिसला, पण थोडाच. पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी चढून तळमजल्याच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, तेव्हा जे वाचवलं होतं ते त्यात कुठल्या कुठे गेलं. वर्षाच्या शेवटी शाखा मुंबईच्या एका शाखेत मिसळून टाकली. मॅनेजरसाहेबांची बदली नागपूरला झाली. निरोपाच्या दिवशी ते माझ्याशी चांगलं बोलले, पण त्या पानाचा विषय दोघांनीही काढला नाही. मला आरोग्य विम्यात पाठवलं. तिथे निदान मेलेल्या माणसांच्या घरी जावं लागत नाही.

गेल्या वर्षी डोंबिवली स्टेशनबाहेर भाजी घेताना ती मला भेटली. तिनेच ओळखलं. "मॅडम ना तुम्ही? विमावाल्या?" ती जाड झाली होती, केसांत थोडं पांढरं आलं होतं. हातात दोन मोठ्या पिशव्या. टॉवरमध्ये तीन-चार घरी स्वयंपाकाला जाते, म्हणाली.

"मुलगी कशी आहे?"

"बारावी झाली. पुढे शिकायचं म्हणते. बघू." मग आपणहून म्हणाली, "सासूबाई आहेत अजून. दिसत नाही आता काहीच."

दिराबद्दल विचारावं की नाही, मला कळेना. तिनेच सांगितलं. टँकर त्याने भंगारात दिला. त्यानंतर काही महिने घरात होता, पण अंगणात बसवेना त्याला. आई रोज दुपारी ओट्यावर बसून ते 'येऊ दे, येऊ दे' सांगायची, आल्या-गेल्याला सांगायची, तिला थांबवता येत नव्हतं. एक दिवस तो बहिणीकडे विठ्ठलवाडीला गेला आणि तिकडेच राहिला. एका गोदामावर वॉचमन आहे. गाडी चालवत नाही. रिक्षातसुद्धा बसत नाही, चालत जातो.

"घरी येतच नाही?"

"नाही. बहिणीचंही आता जमत नाही त्याच्याशी. तिथेच गोदामाच्या खोलीत असतो. खायचे हाल." तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणून दर रविवारी डबा घेऊन जाते मी. दोन दिवस पुरेल असं काहीतरी. सुकटाची चटणी, भाकऱ्या."

मी तिच्याकडे बघत राहिले असेन, कारण ती जरा चिडून म्हणाली, "मग कोण नेणार? त्याला दुसरं आहे कोण?"

"बोलता का एकमेकांशी?"

"काय बोलायचं? तो डबा घेतो, मागचा धुतलेला परत देतो. पोरीचं विचारतो. फी भरली का विचारतो. पगार झाला की पाकीट देतो हातात, मी घेते." तिने पिशव्या खाली ठेवल्या. "कधी कधी मला वाटतं, नको जायला. एखाद्या रविवारी गेलेच नाही मी. मग दिवसभर काही सुचलं नाही. संध्याकाळी गेले शेवटी."

भाजीवाली मोकळ्या वाटेसाठी ओरडायला लागली होती. आम्ही बाजूला झालो. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. त्या काढलेल्या पानाबद्दल, सर्व्हरबद्दल, माझ्या मॅनेजरांबद्दल. पण ते सगळं तिच्या दोन पिशव्यांपुढे कुठून सुरू करायचं तेच समजेना. मी म्हटलं, "मुलीच्या प्रवेशाला काही लागलं तर सांगा. माझी ओळख आहे एका कॉलेजात."

"सांगते," ती म्हणाली. माझा नंबर तिने मोबाईलवर घेतला, नाव काय लिहू म्हणून विचारलं, आणि मी सांगायच्या आधीच 'विमा मॅडम' असं टाइप केलं.

मग तिने मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, घासाघीस करून, आणि कोपरच्या बाजूला चालत निघून गेली. जूनपर्यंत मी तिच्या फोनची वाट पाहिली. फोन आला नाही.